थायरॉइडची गोळी नव्याने सुरू झाली असेल तर

कमी चालणाऱ्या थायरॉइडसाठीची गोळी मी पहिल्यांदा तळहातावर घेतली तेव्हा ती नखावर मावेल एवढी होती. पांढरी, गोल, मधोमध एक रेघ. त्या एवढ्याशा गोळीतही औषध म्हणाल तर जेमतेम. बाकीचा सगळा तिला आकार देणारा भराव. ५० च्या गोळीत ५० मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे एका ग्रॅमचे २० हजार भाग केले तर त्यातला एक. रोज अशी एक गोळी घेतली तर एक ग्रॅम औषध ५४ वर्षं पुरेल.

हा हिशेब आधीच सांगायला कारण आहे. औषध इतकं कमी लागतं म्हणून त्यातली थोडीशी घटही अंगाला भोवते, आणि ते इतकं सावकाश काम करतं की घट झाल्याचं कळायलाच कित्येक आठवडे जातात. नव्याने गोळी सुरू झालेल्यांची निम्मी घालमेल इथूनच येते. आज गोळी घेतली की उद्या बरं वाटायला हवं असं आपलं मन म्हणतं. हे औषध मात्र आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. मी ते ११ वर्षं घेते आहे. सुरुवातीला जे मला कुणी नीट बसून सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते. डोस किती आणि कधी बदलायचा हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी रिपोर्ट समजून घ्या

"माझा थायरॉइड वाढलाय," असं आपण सर्रास म्हणतो. रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला असतो खरा, पण तो टीएसएच नावाच्या हॉर्मोनचा, आणि टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी सोडते. गळ्यातल्या थायरॉइडने किती हॉर्मोन सोडलं यावर तिची सतत नजर असते. कमी पडलं की ती टीएसएच वाढवून थायरॉइडला हाका मारते, आणि थायरॉइडकडून काही आलं नाही की आणखी जोरात मारते. म्हणून टीएसएच जास्त याचा अर्थ थायरॉइड कमी पडतोय. हे एकदा डोक्यात बसलं की "आकडा वाढला, आता डोस कमी करायचा का?" हा घोळ होत नाही. गोळी चालू असताना आकडा वर गेला तर बहुधा औषध कमी पडतंय. फार खाली गेला तर जास्त होतंय. (पिट्यूटरीच आजारी असेल तर हा नियम लागू पडत नाही. तिथे डॉक्टर टी४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हॉर्मोन, बघून डोस ठरवतात.)

टीएसएच थोडासाच वाढलेला आणि टी४ व्यवस्थित असेल तर पुष्कळदा डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण काहींचा आकडा आपोआप खाली येतो. तुम्हाला एकाच रिपोर्टवर गोळी सुरू झाली असेल तर कारण विचारून घ्या. त्यात संकोच कसला?

आता गोळीबद्दल. थायरॉइड मुख्यतः टी४, म्हणजे थायरॉक्सिन बनवतो. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. शरीर गरजेप्रमाणे त्यातला एक काढून टी३ करतं, आणि पेशींमधलं बरंचसं काम हा टी३ करतो. गोळीत असतो तो हाच टी४, फक्त बाहेर तयार केलेला. "हॉर्मोनची गोळी" म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. पण शरीरात जे कमी पडलंय तेवढंच आपण भरून काढत असतो. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार केले. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. पुढे १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आलं. म्हणून आज आपल्याला अर्क घ्यावा लागत नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली गोळी मिळते.

आणि लक्षात ठेवायचा आकडा एकच: ७. रक्तातला टी४ निम्मा व्हायला साधारण ७ दिवस लागतात. मोठी टाकी आणि तिच्यात पडणारी बारीक धार डोळ्यांसमोर आणा. टाकी भरायलाही वेळ लागतो आणि रिकामी व्हायलाही. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पातळी स्थिरावायला ५ ते ६ आठवडे जातात. पुढच्या बहुतेक सूचनांचं कारण या ७ दिवसांत आहे.

चिठ्ठी घेण्याआधी हे सांगा

हृदयाचा त्रास, छातीत दुखणं, अनियमित ठोके. रक्त पातळ करणारं औषध. मधुमेह. अॅड्रिनल ग्रंथीचा आजार. अपस्माराच्या गोळ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. कॅल्शियम, लोह, अॅसिडिटीच्या गोळ्या. गरोदर आहात किंवा तसा विचार आहे. यातलं जे लागू असेल ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता सांगून टाका. अॅड्रिनलचा आजार असेल तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम थायरॉइडच्या गोळीने वाढतो, म्हणून त्याचा डोस पुन्हा बघावा लागतो. मधुमेहाच्या औषधांचाही डोस पुन्हा बघावा लागतो, साखर काही दिवस जास्त वेळा तपासावी लागते.

ग्रंथी जवळजवळ बंदच पडली असेल तर पूर्ण डोस साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. ग्रंथी थोडीफार चालत असेल तर याहून कमी पुरतं. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना २५ पासून, कधी १२.५ पासूनही सुरुवात करतात, कारण मंद चालीची सवय झालेल्या हृदयाला एकदम दामटवणं धोक्याचं असतं. म्हणून तुमच्या २५ ची बहिणीच्या १०० शी तुलना करू नका. जास्त डोस म्हणजे जास्त गंभीर आजार असंही नाही.

बाटली हातात आली की आकडा वाचा

औषधाची ताकद कधी मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते, कधी मिलिग्रॅममध्ये. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, ५० म्हणजे ०.०५. शून्यांचा हा घोळ घरी बसून उलगडण्यापेक्षा दुकानातच विचारा. गोळीच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो.

मला एकदा १२५ ऐवजी २५ ची बाटली मिळाली होती. बाटली तशीच, झाकण तसंच, लेबलवरचा एक अंक तेवढा कमी. रात्री जुन्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या नव्या बाटलीत टाकायला घेतल्या आणि दोन्ही लेबलं शेजारी आली म्हणून लक्षात आलं. नाहीतर महिना-दीड महिना पाचव्या हिश्शाच्या डोसवर गेला असता, आणि थकवा पुन्हा का चढतोय हे मला कळलं नसतं. तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या: नवी बाटली दुकानातच जुन्या बाटलीशेजारी धरून बघायची आणि दोन बाटल्यांतल्या गोळ्या कधी एकत्र करायच्या नाहीत.

कंपनी शक्यतो एकच ठेवा. औषध तेच असलं तरी दोन कंपन्यांच्या गोळ्या आतड्यातून अगदी सारख्या शोषल्या जातीलच असं नाही. बदलावीच लागली तर घाबरायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना कळवा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या.

रोजची सकाळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सुधारणाही इथेच पटकन होते.

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्के औषध लहान आतड्यातून रक्तात जातं. पोटात अन्न असेल तर हे प्रमाण घसरतं, आणि रोज वेगवेगळं घसरतं. म्हणून उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि खाण्याआधी किमान अर्धा तास, जमलं तर एक तास जाऊ द्यायचा. कॉफीही या तासानंतरच. नुसत्या काळ्या कॉफीनेही शोषण कमी होतं, त्यामुळे "दूध नाही घातलं, मग चालेल" हा युक्तिवाद टिकत नाही.

सकाळ धावपळीची असेल तर रात्री झोपताना घ्या, फक्त शेवटच्या जेवणानंतर ३ तास उलटलेले हवेत. रात्रीची गोळीही तितकीच लागू पडते. मात्र एक वेळ निवडा आणि तीच धरा. डॉक्टर तुमचा डोस ठरवतात तो तुमच्या रोजच्या पद्धतीवर मोजलेला असतो. पद्धत रोज बदलत राहिली तर रिपोर्टमधला आकडा कशाचा आहे हेच सांगता येत नाही.

माझी स्वतःची चूक सांगते. कॅल्शियमची गोळी सुरू झाली तेव्हा "दोन्ही एकदमच घेऊन मोकळं व्हावं" म्हणून मी ती थायरॉइडच्या गोळीबरोबर घ्यायला लागले. चार महिन्यांत टीएसएच चढत गेला, डोस दोनदा वाढला, आणि थकवा होता तिथेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय घेता, क्रमाने सांगा." मी सांगितलं आणि दोघांनाही उत्तर मिळालं. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला लागले आणि दोन महिन्यांत जुन्या डोसवर परत आले.

तर कॅल्शियम, लोह, आणि अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली अॅसिडिटीची औषधं थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह आणि कॅल्शियम असतं, तेही त्यातच आलं. अॅसिड कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे. त्या पोटातलं अॅसिडच घटवतात, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला ते अॅसिड लागतं, त्यामुळे चार तासांचं अंतर ठेवून भागत नाही. अशी गोळी रोजची झाली तर टीएसएच पुन्हा तपासायचा. सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवा. कोबी-फ्लॉवर खाऊ नका असं अनेक जण बजावतात, पण नेहमीच्या प्रमाणात शिजवून खाल्लेल्या भाज्यांनी गोळीवर असलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. मी तरी त्या सोडल्या नाहीत.

पहिले सहा आठवडे

हा काळ सगळ्यात कठीण, कारण करण्यासारखं काही नसतं. रोज गोळी घ्यायची आणि थांबायचं. काहींना दोन-तीन आठवड्यांत थोडी तरतरी जाणवते, काहींना महिना उलटला तरी काहीच नाही. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, चेहऱ्यावरची सूज हळूहळू कमी होते. कोरडी त्वचा आणि केसांना कित्येक महिने लागतात. उपचार सुरू झाल्यावर सुरुवातीला केस जास्त गळल्यासारखेही वाटतात; ते बहुतेकांचं पुढे थांबतं.

वजनाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण अपेक्षा तिथेच जास्त असतात. थायरॉइड कमी पडल्यामुळे वाढलेलं वजन बहुतेकांचं थोड्याच किलोंचं असतं, आणि त्यातला बराच भाग साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा. गोळीने तेवढं उतरतं, बाकीचं उतरत नाही. वजन उतरावं म्हणून डोस वाढवणं धोक्याचं आहे. हृदय बेताल होऊ शकतं आणि हाडं ठिसूळ होतात.

एक छोटी वही ठेवा. दर रविवारी चार ओळी: झोप कशी, पोट कसं, सकाळी उठताना अंग किती जड, नाडी किती. रोज लिहू नका, रोजचे चढ-उतार फसवतात. माझ्या वहीत पाचव्या आठवड्यात एक ओळ आहे: "जिना न थांबता चढले." त्या दिवशी मला ते जाणवलंही नव्हतं, लिहायला बसल्यावर आठवलं.

छातीत धडधड, हात थरथरणं, सारखा घाम, झोप उडणं, पातळ शौच ही डोस जास्त होत असल्याची लक्षणं आहेत. दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं, दम लागला, ठोके अनियमित झाले तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि थायरॉइड कमी असलेला माणूस गुंगीत जायला लागला, अंग गार पडलं, श्वास मंदावला तर तीही जिवावरची वेळ असते. हे फार क्वचित होतं, बहुतेक वेळा औषध दीर्घकाळ बंद असताना.

रक्त तपासणी

६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट भरलेल्या टाकीची असते. तिच्यावरून डोस बदलला तर पुढचं सगळं चुकतं. शक्य तर दरवेळी एकाच लॅबमध्ये, सकाळी, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास रक्तातला टी४ तात्पुरता चढलेला असतो. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा, कारण अनेक तपासण्यांत त्याने आकडे चक्क उलटेसुलटे दिसतात.

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते. तुमच्या लॅबची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते, ती बघा. उतारवयात थोडा जास्त आकडाही चालतो. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांचं लक्ष्य वेगळं असतं, त्यांनी या आकड्यांवर जाऊ नये. डोस बहुधा १२.५ किंवा २५ ने बदलतात आणि मग पुन्हा ६ ते ८ आठवडे. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

रिपोर्ट नॉर्मल आला की "आता बरं झालं" म्हणून गोळी बंद करणारे खूप जण आहेत. तो नॉर्मल आकडा गोळीमुळे आलेला असतो. गोळी बंद केली की टाकी हळूहळू उतरते, पहिले दोन-तीन आठवडे काहीच वाटत नाही आणि म्हणून आपलं बरोबर होतं असं वाटतं. मग थकवा परत येतो.

ही गोळी कायमची का? जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. असं असेल किंवा ग्रंथी काढून टाकली असेल तर बहुतेकांना कायमची. बाळंतपणानंतर आलेला त्रास पुष्कळ जणींचा काही महिन्यांत जातो. तिथे गोळी थांबवून बघता येते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आकडे जागेवर येऊनही थकवा गेला नाही तर प्रत्येक वेळी थायरॉइडला धरू नका. हिमोग्लोबिन, बी१२, झोपेतला श्वास, मनावरचा ताण हेही बघून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर घ्या, शक्य तितक्या रिकाम्या पोटी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवशीची नेहमीची गोळी घ्या आणि पुढे चला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन एकदम घेऊ नका. एका दिवसाने टाकी रिकामी होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चुकत असेल तर मात्र हळूहळू नक्की उतरते. सात कप्प्यांची डबी याला सगळ्यात सोपा उपाय, कारण "आज घेतली का?" याचं उत्तर ती देते. चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नका, नाहीतर ते वाढवतील तो डोस तुमच्या विसरण्यावरचा असेल.

दिवस राहिले तर

इथे आठवड्यांचा हिशेब थांबतो आणि घाई करायची वेळ येते. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसं काम करत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचंच थायरॉक्सिन लागतं. आईची गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते, डोस बहुतेकींना पाव ते तृतीयांशाने वाढवावा लागतो. म्हणून गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. बरेच डॉक्टर दिवस राहण्याआधीच सांगून ठेवतात की चाचणी आली की आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या सुरू करा आणि मग तपासणीला या. तुमच्यासाठी काय, ते आधीच विचारून लिहून ठेवा. गरोदरपण निम्मं होईपर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच बघतात. "पोटात बाळ आहे, औषधं नकोत" म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. याच काळात लोह आणि कॅल्शियमही सुरू होतं, तेव्हा ते ४ तासांचं अंतर विसरू नका. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीवर येतो आणि ६ आठवड्यांनी तपासणी होते. अंगावर पाजतानाही गोळी चालू ठेवता येते.

साठवण, प्रवास, ऑपरेशन

हे औषध उष्णता, ओल आणि उजेड यांनी बिघडतं. बाथरूममधलं कपाट, स्वयंपाकाच्या ओट्यालगतचा कप्पा, उन्हात उभी गाडी, तिन्ही जागा वाईट. बाटली किंवा पाकीट मूळचंच ठेवा आणि कप्प्यांच्या डबीत आठवड्यापुरत्याच गोळ्या काढा. प्रवासात हातातल्या पिशवीत. ऑपरेशनसाठी उपाशी राहायचं असेल तर घोटभर पाण्याबरोबर ही गोळी घ्यायची का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. बहुधा घ्यायला सांगतात. नवी बाटली १५ गोळ्या उरल्या असतानाच आणा. मी नवी उघडते तेव्हा झाकणावर पेनाने तारीख लिहिते.